क्लोनझिला, काही महिन्यांच्या वापरानंतर: इमेज पडते, मग मशीन उठत का नाही?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि कॉलेजांच्या लॅबमध्ये विंडोज ११ ची इमेज (तयार डिस्कची हुबेहूब प्रत) टाकायचं काम एकदम वाढलं. लॅब म्हटली की मशीन वेगवेगळ्या वर्षांची, कंपन्याही वेगळ्या. अशा खिचडी लॅबमध्ये क्लोनझिला, म्हणजे डिस्कची इमेज घेऊन ती दुसऱ्या मशीनवर टाकणारं साधन, काही महिने वापरल्यावरचं हे मत आहे.

तैवानच्या एनसीएचसी या संगणन केंद्राचं हे साधन फुकट आहे, मुक्त परवान्याचं आहे आणि कॉपीच्या कामात पक्कं आहे. डिस्कचे भरलेले भागच (ब्लॉक) उचलतं, त्यामुळे इमेज आटोपशीर राहते. मशीन उठलं नाही की पहिला संशय इमेजवर जातो, पण दोष बहुतेक वेळा इमेजमध्ये न जाणाऱ्या गोष्टींत निघतो: बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या फर्मवेअरची) सेटिंग, मदरबोर्डवरची बूट नोंद, टीपीएम (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप). म्हणून तीच इमेज पुन्हा टाकत बसू नका. मशीन कुठल्या स्क्रीनवर अडलंय ते आधी बघा.

'बूट डिव्हाइस सापडत नाही' असं येत असेल तर विंडोजपर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही. यूईएफआय (बायोसची नवी पिढी) मशीनमध्ये बूटची नोंद मदरबोर्डवरच्या मेमरीत असते. क्लोनझिला ती नोंद स्वतः करून देतं, पण पेनड्राइव्ह लेगसी (जुन्या बायोसच्या) मोडमध्ये बूट केला असेल तर त्याला त्या मेमरीला हातच लावता येत नाही. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, त्यातला यूईएफआय लिहिलेला घ्या. जुनी इमेज एमबीआर (जुन्या पार्टिशन पद्धतीच्या) डिस्कची असेल तर लेगसी मोड नसलेलं नवं मशीन ती उचलणारच नाही. ती डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलायला विंडोज इन्स्टॉल करायच्या पेनड्राइव्हवरून 'एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /डिस्क:०' चालवा, ते पास झालं की '/कन्व्हर्ट /डिस्क:०'. (आज्ञा टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि अंक.) प्रायमरी पार्टिशन तीनपेक्षा जास्त असतील तर हे अडतं.

निळ्या स्क्रीनवर ०xसी००००००ई किंवा ०xसी००००००एफ दिसला तर फर्मवेअरचं काम झालंय, पण बूटच्या फाइली बिघडल्या आहेत किंवा चुकीच्या पार्टिशनकडे बोट दाखवताहेत. विंडोजचा पेनड्राइव्ह लावा, शिफ्ट आणि एफ१० दाबून आज्ञांची खिडकी उघडा. डिस्कपार्ट या पार्टिशनच्या साधनामध्ये 'लिस्ट व्हॉल्यूम'. सुमारे १०० एमबीचं फॅट३२ पार्टिशन निवडून 'असाइन लेटर=एस'. मग बूटच्या फाइली पुन्हा लिहायला 'बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय'. पेनड्राइव्हवरून आल्यावर विंडोजचा ड्राइव्ह सी असेलच असं नाही, आधी 'डीआयआर' करून खात्री करा. अनेक ठिकाणी 'बूटरेक /फिक्सएमबीआर' करायचा सल्ला दिसतो. यूईएफआय मशीनवर त्याचा काडीचाही उपयोग नाही.

खरा वेळ खातो तो 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस', म्हणजे ०x७बी. विंडोज सुरू होतं, पण डिस्कच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर नसल्यामुळे स्वतःचीच डिस्क त्याला दिसत नाही. इंटेल प्रोसेसरच्या ११व्या पिढीपासून बऱ्याच मशीनमध्ये व्हीएमडी (डिस्क हाताळायची इंटेलची पद्धत) चालू असतं आणि एएमडी किंवा जुन्या इंटेलवर बनवलेल्या इमेजमध्ये त्याचा ड्रायव्हर नसतो. इथे फसगत अशी होते की क्लोनझिलाच्या लिनक्सला ती डिस्क व्यवस्थित दिसते, इमेजही विनातक्रार पडते. सोपा उपाय म्हणजे बायोसमध्ये व्हीएमडी बंद करणं. पण लॅबमध्ये ते टिकत नाही. मशीन जुनं झालं की मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मरतो, वीज गेली की बायोस मूळ सेटिंगवर जातो आणि काल चालणारं मशीन आज निळं पडतं. घड्याळ मागे गेलेलं दिसलं तर आधी सेल बदला, मग बाकीचं. कायमचा इलाज ड्रायव्हर इमेजमध्येच घालण्याचा: इंटेलची आरएसटी (डिस्कच्या ड्रायव्हरची) सेटअप फाइल '-एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स' देऊन उलगडा (आयएनएफ फाइली लागतात, नुसती ईएक्सई चालत नाही), आणि 'डिझम /इमेज:सी:\ /अ‍ॅड-ड्रायव्हर /ड्रायव्हर:डी:\व्हीएमडी /रिकर्स'. पडलेल्या मशीनवरही हेच पेनड्राइव्हवरून करता येतं. इंटेलच्या त्याआधीच्या पिढ्यांत कंट्रोलर रेड (अनेक डिस्क एकत्र चालवायच्या) मोडवर असेल तर उलटा प्रकार होतो: एनव्हीएमई (नव्या प्रकारची वेगवान) डिस्क क्लोनझिलालाच दिसत नाही. तिथे बायोसमध्ये रेडऐवजी साधं एएचसीआय करावंच लागतं.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाकडे मात्र लोक फारच उशिरा बघतात. विंडोज ११ च्या २४एच२ मध्ये नव्या इन्स्टॉलवर डिस्कचं एन्क्रिप्शन आपोआप चालू होऊ शकतं. ओळखायची खूण सोपी आहे: सी वर ६० जीबी माल आणि इमेज जवळजवळ अख्ख्या पार्टिशनएवढी. कारण कुलूपबंद पार्टिशनची फाइल सिस्टीम क्लोनझिलाला वाचता येत नाही, ते सेक्टरमागून सेक्टर कॉपी करतं. दुसऱ्या मशीनचा टीपीएम वेगळा, त्यामुळे तिथे ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. मास्टर मशीनवर (ज्याची इमेज घ्यायची त्यावर) 'मॅनेज-बीडीई -स्टेटस' बघा, गरज पडली तर '-ऑफ सी:' द्या आणि डिक्रिप्शन १०० टक्के होईपर्यंत थांबा. सोबत 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' कराच, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टीम) अर्धवट उघडं राहतं आणि इमेज घेतानाच अडचण येते. शेवटी मास्टर मशीनची खास ओळख पुसायला 'सिसप्रेप /जनरलाइझ /ओओबीई /शटडाउन'. सिसप्रेप अडलं तर त्याच्याच पँथर फोल्डरमधला सेटअपअ‍ॅक्ट लॉग वाचा. बहुतेकदा एका यूझरसाठीच बसलेलं स्टोअरचं एखादं अ‍ॅप नडतं.

क्लोनझिलाची न आवडलेली गोष्ट म्हणजे आकाराचा हट्ट. २५६ जीबीच्या डिस्कची इमेज २४० जीबीच्या डिस्कवर पडत नाही. '-आयसीडीएस' (डिस्कचा आकार तपासू नको) आणि '-के१' (पार्टिशन प्रमाणात बसव) दिलं तरी मूळ पार्टिशन आधी लहान केलेलं असावं लागतं. त्यापेक्षा लॅबमधली सगळ्यात छोटी डिस्क ज्या मशीनमध्ये आहे तेच मास्टर करा. मल्टिकास्टचा (नेटवर्कवरून एकदम सगळ्या मशीनवर इमेज टाकण्याचा) वेगही एका रडक्या मशीनवर ठरतो: एखादी केबल १०० एमबीपीएसवर अडकली की सगळी रांग तिच्या चालीने चालते. अशी मशीन आधीच बाजूला काढून त्यांना पेनड्राइव्हवरून वेगळी इमेज टाका.