सुंगटांच्या टाकीतला दुहेरी स्पंज फिल्टर: दीड वर्षाच्या वापरानंतर

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या घरी ओसरीवरच्या दोन फुटी टाकीत मी चेरी श्रिम्प, म्हणजे गोड्या पाण्यातली इवली लाल सुंगटे (कोळंबी), वाढवतो आणि शेजारच्या लहान टाकीत गप्पी हे छोटे मासे. दीड वर्षापूर्वी श्रिम्पच्या टाकीसाठी साडेतीनशे रुपयांना दुहेरी स्पंजचा फिल्टर घेतला. नळीतून सोडलेल्या हवेचे बुडबुडे वर जाताना टाकीतले पाणी स्पंजातून ओढतात, एवढेच त्याचे तंत्र. ही हवा देणारा एअर पंप त्यात येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. नुसती शोभेची टाकी ठेवणाऱ्याला हा फिल्टर कदाचित सामान्य वाटेल, कारण पाणी काचेसारखे नितळ करणे त्याला जमत नाही. मात्र ज्याला घरी पिल्ले काढून ती जगवायची आहेत, त्याने याच्याआधी दुसरा कोणताही फिल्टर घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

त्याचे कारण या जिवाच्या जन्मातच आहे. समुद्रातल्या सुंगटांची पिल्ले सुरुवातीला अळीच्या रूपात पाण्यात तरंगत राहतात. चेरी श्रिम्पची मादी मात्र वीस-तीस अंडी पोटाखाली धरून तीन-चार आठवडे पायांनी वारा घालत राहते आणि त्यांतून जेमतेम दोन मिलिमीटरची, पण सर्वांगाने पूर्ण अशी पिल्ले बाहेर पडतात. ती पहिल्या दिवसापासून पृष्ठभागावरचा बुळबुळीत जैविक थर खरवडून खातात. माझ्या आधीच्या मोटारीच्या फिल्टरच्या जाळीतून अशी पिल्ले आत ओढली जात, आणि ते कळायला मला तीन विणी घालवाव्या लागल्या. स्पंजच्या बारीक छिद्रांतून पिल्लू आत जात नाही. उलट तोच स्पंज त्याचे ताट होतो. रात्री विजेरीच्या प्रकाशात पाहिले, तर टाकीतल्या जावा मॉस या शेवाळासारख्या पाणवनस्पतीपेक्षा अधिक पिल्ले स्पंजावर चरताना दिसतात. दहा सुंगटांपासून सुरुवात केली होती. आता ती मोजण्याचा प्रयत्नच मी सोडून दिला आहे.

पिल्ले जगवण्याचा हा गुण विकत घेतल्या दिवशी मिळत नाही. विष्ठा आणि उरलेल्या खाण्यातून तयार होणारा विषारी अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू स्पंजात वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि तपासणी संचात अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत टाकीत श्रिम्प सोडू नयेत. दोन स्पंज असण्याचा खरा फायदा पुढे धुण्याच्या वेळी कळतो. एका वेळी एकच स्पंज काढायचा, टाकीतलेच पाणी बादलीत घेऊन त्यात तो हलक्या हाताने पिळायचा आणि दुसऱ्याला निदान दोन आठवडे हात लावायचा नाही, म्हणजे जिवाणूंची वस्ती कधीच पूर्ण मोडत नाही. नळाखाली मात्र स्पंज धुऊ नये, कारण नळाच्या पाण्यातले क्लोरीन याच जिवाणूंना मारते. गप्पींची टाकी मांडली तेव्हा मी यातलाच एक मुरलेला स्पंज तिकडे दिला आणि नव्या टाकीचा बराच काळ वाचला.

आता उणिवा. खोक्यात नॉन-रिटर्न व्हॉल्व, म्हणजे हवेच्या नळीतून पाणी उलटे येऊ न देणारी झडप, नव्हता आणि दुकानदाराने तो हवा असतो, हे सांगितलेही नाही. आमच्याकडे मे महिन्याच्या अखेरीस वळीव कोसळला की वीज जाते. अशा एका रात्री पंप टाकीच्या खाली ठेवलेला असल्यामुळे पाणी नळीतून उलटे उतरले, पंप निकामी झाला आणि ओसरी भिजली. व्हॉल्व अगदी थोडक्या पैशांत मिळतो; तो फिल्टरसोबतच घ्यावा आणि पंप शक्यतो पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा. बॅटरीवर चालणारा एक छोटा पंपही मी हाताशी ठेवतो, कारण पाणी जितके तापते तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. या श्रिम्पना बावीस ते सव्वीस अंश मानवतात; उन्हाळ्यात माझ्या टाकीचे पाणी एकतीस अंशांपर्यंत गेलेले आहे, आणि हवा दमट असल्यामुळे पंख्यानेही ते फारसे उतरत नाही. त्या दिवसांत बुडबुड्यांनी सतत ढवळणारा पृष्ठभागच मोठा आधार असतो. याशिवाय काचेला चिकटवायच्या रबरी वाट्या वर्षभरात कडक होऊन सुटल्या, आणि बुडबुड्यांचा आवाज निजायच्या खोलीत नक्कीच खटकेल.

फिल्टर काय करू शकत नाही, हेही सांगितले पाहिजे. जांभ्या दगडातून झिरपलेले आमच्या विहिरीचे पाणी मऊ आणि किंचित आम्लयुक्त आहे, आणि कात टाकल्यावर नवे कवच घट्ट व्हायला श्रिम्पना कॅल्शियम लागते. त्यासाठी मी तिसऱ्यांच्या (खाण्याच्या शिंपल्यांच्या एका जातीच्या) उकळून स्वच्छ केलेल्या शिंपल्या टाकीत ठेवतो. अशा पाण्यात त्या हळूहळू विरघळतात. आणखी मोठी काळजी तांब्याची आहे. कुळागरात, म्हणजे इथल्या सुपारीच्या बागेत, पोफळींवर कोळेरोग या फळे कुजवणाऱ्या बुरशीच्या रोगासाठी बोर्डो मिश्रण फवारतात, त्यात मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, असतो, आणि तांबे श्रिम्पना अत्यल्प प्रमाणातही घातक ठरते. पाण्यात विरघळलेले तांबे कोणताही स्पंज थोपवू शकत नाही, म्हणून फवारणीच्या दिवसांत मी आधीच भरून ठेवलेले पाणी वापरतो.

गप्पींच्या बाबतीत फिल्टर अर्धेच काम करतो. पिल्ले त्यात ओढली जात नाहीत, पण त्यांना त्यांची आईच खाते. तिथे दाट मॉस किंवा वेगळी टाकी यांना पर्याय नाही. लहान टाकीसाठी एकेरी स्पंजही मिळतो, परंतु धुताना होणारी त्याची अडचण पाहता मी तिथेही आता दुहेरीच बसवणार आहे.