वारस नोंदीच्या नावाखाली हक्कसोड

‘वारस नोंदीसाठी सह्या लागतील, अर्ध्या तासाचं काम आहे,’ असा दादाचा फोन आला तेव्हा बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता. मी हिशेब खात्यात नोकरी करते. दिवसभर दुसऱ्यांची व्हाउचरं तपासते, आकड्यावर खाडाखोड दिसली की बिल परत पाठवते. त्या दिवशी मात्र सात-आठ ठिकाणी सह्या केल्या आणि एक पान वाचलं नाही.

दादाने आम्हाला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात, म्हणजे दस्त नोंदवतात तिथे, नेलं. दस्त तयार करणाऱ्या माणसाने कागदांचा गठ्ठा असा धरला होता की पानाचा खालचा कोपरा तेवढा सुटा राहावा. अंगठ्याने कोपरा उलटायचा, बोट टेकवायचं, ‘इथं ताई… आणि इथं.’ आईने पर्स चाचपली. चष्मा गाडीतच राहिला होता. ‘राहू दे गं, मी आहे ना,’ दादा म्हणाला. मग एकेकाला कॅमेऱ्यासमोर बसवलं, अंगठे घेतले. साहेबांनी विचारलं, ‘दस्त मान्य आहे?’ आईने दादाकडे पाहिलं, त्याने मान हलवली, ती ‘हो’ म्हणाली. मीही म्हणाले. साहेबांना दोष देणार नाही, त्यांनी विचारलं होतं.

आठ महिन्यांनी एका चुलतबहिणीने वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. आमची जमीन कुणीतरी विकत घेत होतं आणि कुणाची हरकत असेल तर चौदा दिवसांत कळवा म्हणून त्यांच्या वकिलाने नोटीस दिली होती. मालक म्हणून नाव एकट्या दादाचं. मला वाटलं छपाईची चूक असेल. खरंच, पहिला विचार हाच आला. मग नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, काढली. दस्ताचा प्रकार: हक्कसोडपत्र. लिहून देणार: आई आणि मी. मोबदला: काही नाही. दस्ताची नक्कल मागवली तेव्हा आत वाचलं की, आम्ही आमचा हिस्सा ‘स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, कायमचा’ सोडून दिला आहे. जमीन आणि राहता फ्लॅट, दोन्ही.

आता जे मला तेव्हा माहीत असतं तर गाडीतूनच उतरले नसते, ते सांगते. वारस नोंदीला दुय्यम निबंधकाकडे जावंच लागत नाही. ती तलाठ्याकडे होते. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं शपथपत्र जोडून अर्ज द्यायचा, हल्ली तो ई-हक्क प्रणालीवर घरबसल्याही करता येतो. तलाठी फेरफार, म्हणजे नावातल्या बदलाची नोंद, लिहितो, नोटीस काढतो, हरकतीची मुदत संपली की मंडळ अधिकारी तो मंजूर करतो आणि सगळ्या वारसांची नावं सात-बारावर चढतात. यात कॅमेरा नाही की अंगठ्याचं यंत्र नाही. तेव्हा ‘नाव लावायचंय’ म्हणून कुणी तुम्हाला नोंदणी कार्यालयात नेऊन अंगठा घेत असेल, तर नाव लागत नाहीये, निघतंय. आणि फेरफार नुसता चुकला असेल तर अपिलात दुरुस्त होऊ शकतो, त्याने मालकी ठरत नाही. नोंदणीकृत हक्कसोड मात्र ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणून मागे घेता येत नाही. तो रद्द करायला दिवाणी दावा लागतो, तोही फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत.

बँकेच्या ठेवींची गोष्ट वेगळी. तिथे सहीसुद्धा लागली नाही. बाबांनी सगळीकडे नॉमिनी म्हणून दादाचं नाव दिलं होतं, कारण बँकेत त्यांच्यासोबत तोच जायचा. बँकेने पैसे त्याला दिले, ते नियमानेच. ‘बाबांनी माझंच नाव लावलंय, म्हणजे ते माझेच,’ असं तो म्हणाला आणि आम्ही गप्प बसलो. नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा, मालक नव्हे. बँकेतल्या ठेवींबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये हेच सांगितलं, शेअर्सबद्दल डिसेंबर 2023 मध्ये. (विम्याचं जरा निराळं आहे. 2015 च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर ते पैसे बहुतेक वेळा त्यांचेच होतात. एजंटने घाईत भरलेला तो रकाना एकदा उघडून बघा.)

बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. शब्द काढला की म्हणायचे, ‘आपल्याकडे असं आहे काय वाटायला? आणि माझ्यामागे भांडणार कोण?’ पण मृत्युपत्र नव्हतं म्हणून आमचा वाटा गेला, असं मी म्हणणार नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने बाबांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत आई, दादा आणि मी, तिघांना सारखाच वाटा दिला होता. तो कशाकशात आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. कुठल्या बँकेत किती, जमिनीचा गट नंबर काय, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट कुठे, हे सगळं एकट्या दादाला ठाऊक होतं आणि कपाटाची किल्लीही त्याच्याच खिशात. ज्याला माहीत, त्याच्यावर बाकीच्यांनी विसंबायचं, एवढंच उरलं होतं. मृत्युपत्रात मिळकतींची यादी असती, अंमल करायला घराबाहेरचा एखादा माणूस नेमलेला असता, तर निदान वाचायला कागद असता.

आणि ते करायला लागतं तरी काय? साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि त्यांनी तुमच्यासमोर करायची. साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान घ्या. आमच्या वकिलांकडे अशी मृत्युपत्रं येतात ज्यांचे दोन्ही साक्षीदार मृत्युपत्र करणाऱ्याच्या आधीच गेलेले असतात. नोंदणी केलेली बरी, पण ती नाही म्हणून अडून बसू नका. बाबांकडे त्यासाठी वीस वर्षं होती.

नोटिशीला आम्ही मुदतीत लेखी हरकत पाठवली, त्यामुळे खरेदी थांबली आहे. दावा चालू आहे. दादाचं म्हणणं असं की आईने आणि मी दस्त वाचून, समजून सह्या केल्या. मागच्या तारखेच्या आधी वकिलांनी दस्ताचं फोटो असलेलं पान उघडलं. त्यात पदर खांद्यावरून सरकलेला, डोळे बारीक केलेली, बिनचष्म्याची आई.

‘आई रोज चष्मा लावतात?’

‘त्याशिवाय तिला घड्याळसुद्धा दिसत नाही,’ मी म्हटलं. ‘याचा उपयोग होईल ना?’

‘थोडा होईल,’ वकील म्हणाले आणि पेन्सिलीने फोटोच्या खाली बोट दाखवल्यासारखं केलं. तिथे आईची सही होती. अक्षर अगदी स्वच्छ.