अस्तर चिकटवण्याआधी मुखवटा बघा, आमचे पैसे तिथेच बुडाले

बालनाट्यासाठी किंवा शाळेच्या गॅदरिंगसाठी कुणी प्राण्यांचे फोमचे मुखवटे करून घेणार असेल, तर त्यांनी आगाऊ रक्कम देण्याआधी हे वाचावं.

परळला आमचा बालनाट्याचा ग्रुप आहे. मे महिन्याच्या सुट्टीतल्या प्रयोगांसाठी वाघ, कोल्हा, ससे असे सहा मुखवटे हवे होते. एका कारागिराने नमुना म्हणून अस्वलाचं डोकं आणून दाखवलं. काम सुरेख होतं. ३२ डेन्सिटीचा फोम, जबड्यात हवेसाठी जाळी, आत सुती होजिअरीचं अस्तर, तेही वेल्क्रोने निघणारं, म्हणजे प्रयोगानंतर धुता येतं. "ताई, सगळे अस्सेच देतो," म्हणाला. अर्ध्याहून जास्त पैसे आधी घेतले. काम बघायला येते म्हटलं की आज लाइट नाही, उद्या कापड मंगळदास मार्केटात अडकलंय.

मुखवटे आले ते थेट रंगीत तालमीला, फर लावून, अस्तर चिकटवून, पूर्ण बंद. बाहेरून हुबेहूब नमुन्यासारखे. उरलेले पैसे घेऊन तो गेला. वाघ झालेल्या मुलाने पहिल्याच प्रवेशात डोकं उतरवलं. डोळे चुरचुरत होते, मळमळत होतं. आत सोल्यूशनचा, म्हणजे फोम चिकटवायच्या गोंदाचा, भपकारा!

आम्ही अस्तर सोलून काढलं. कपाळ आणि गाल भंगार फोमचा चुरा दाबून केलेल्या लादीचे, बाकी सगळा पॅकिंगचा हलका फोम. चुऱ्याची लादी जड असते, त्यामुळे अख्खं डोकं हातात घेतलं तरी वजनावरून शंका येत नाही. अस्तर पॉलिस्टरचं, आणि ते जबड्याच्या जाळीवरूनच ताणून चिकटवलेलं. मुलाला हवा मिळणार कुठून?

वासाचं कारण घाई. सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून दहा-पंधरा मिनिटं सुकू द्यायचं, बोटाला लागेनासं झालं की मगच दाबायचं. ओलं असताना दाबलं की त्यातलं द्रावक आत कोंडतं आणि नंतर कितीतरी दिवस बाहेर पडत राहतं. हे लहान मुलांच्या नाकातोंडाशी होतं, याचा संताप मला अजून आवरत नाही. पैशाचं दुःख त्यापुढे काहीच नाही.

फोम तपासणं अवघड नाही. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड तुकडा ३२ चा असेल तर साधारण ७५ ग्रॅम भरतो, १८ चा असेल तर ४२-४३. स्वयंपाकघरातल्या काट्यावरही हा फरक दिसतो. पण तुकड्यावर थांबू नका. फर आणि अस्तर लागण्याआधी नुसतं फोमचं डोकं मुलाला घालून बघा आणि पुढचा हप्ता तेव्हाच द्या. अस्तर वेल्क्रोचं किंवा टिचबटणाचंच हवं, हे बिलावर लिहून घ्या.

व्हॉट्सॲपवरचं बोलणं, यूपीआयच्या पावत्या आणि सोललेल्या वाघाचे फोटो जमवून आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार केली आहे. कारागीर आता आमचा फोन उचलत नाही. प्रयोग आम्ही चेहरे रंगवून आणि पुठ्ठ्याचे कान लावून केले.

आणि नमुना आवडला, तर माल हाती येईपर्यंत तो आपल्याकडेच ठेवून घ्या. आम्ही मागितला होता, पण "दुसऱ्या पार्टीला दाखवायचाय" म्हणून ते अस्वल तो परत घेऊन गेला.