दत्तक गावाच्या नावाने

भूकंपाची बातमी आली की खऱ्या मदतीमागोमाग तिच्या नावाने लुबाडणारेही येतात. आम्हा सोलापूरकरांना १९९३ साली हे भोगावं लागलं. पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून लिहितोय.

३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी हादरली. आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशी झालेली, त्यामुळे मंडळांकडे थोडी वर्गणी शिल्लक होती. उमरगा, लोहारा भागात इथल्या कितीतरी घरांची सोयरीक. भाकरी, शेंगाचटणी, चादरी भरून गाड्या निघाल्या. ते सगळं बहुतेक पोचलं.

फसवणूक झाली ती नंतर, घरांच्या वेळी. तिकडची जुनी घरं म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावर मातीचं माळवद. त्या ओझ्याखालीच हजारो माणसं गेली. नवी घरं बांधायला संस्था गावं दत्तक घेत होत्या, आणि एक जण आमच्या पेठेत तेच सांगत आला. सास्तूरजवळचं गाव घेतलंय म्हणाला, प्रत्येक कुटुंबाला पाचशे फुटांचं पक्कं घर देणार म्हणाला. मंडळाने शिल्लक दिली, विणकरांनी पुन्हा चादरी दिल्या. पावतीवर संस्थेचं नाव आणि गोल शिक्का होता. नोंदणी क्रमांक मात्र कुठेच नव्हता.

काही आठवड्यांनी आमच्यातल्या एका विणकराला त्याच चादरी बाजारात हातगाडीवर दिसल्या. लेबल कापलेलं होतं, पण काठाची वीण त्याच्याच मागावरची. त्याने गाडीवाल्यासमोर चादर उलटी करून काठावर बोट फिरवलं, आणि त्याचे डोळे भरून आले. संस्थेच्या पत्त्यावर गेलो तर भाड्याची खोली, कुलूप लावलेली. त्या गावात चौकशी केली तर त्याचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. तक्रार दिली, पैसे आले नाहीत. गावातल्या लोकांच्या तोंडचा घास गेला, याचा संताप अजून आहे.

त्याचं खोटं एका प्रश्नात उघडं पडलं असतं. सरकारी पुनर्वसनात घर जमिनीप्रमाणे ठरलं होतं: भूमिहीन, अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, त्यावरच्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. सरसकट पाचशे फुटांचं घर त्या योजनेत नव्हतंच. खऱ्या बांधकामवाल्याला लाभार्थ्यांची यादी माहीत असते, जागा कुठली आणि काम कुठवर आलं हेही.

आता क्यूआर कोड आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो येतात, धंदा तोच. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी विचारा. पैसे संस्थेच्या नावाच्या खात्यातच भरा, कुणाच्या खाजगी नंबरवर नाही. आणि देण्याआधी त्या गावच्या सरपंचाला किंवा ग्रामसेवकाला स्वतः फोन लावा. नंबर मदत मागणाऱ्याकडून घेऊ नका, पंचायत समितीतून मिळवा.