अंथरूण लगेच आवरावं की उघडं ठेवावं?

उठल्या उठल्या चादर ताणून वर पलंगपोस घातला की खोली नीटनेटकी दिसते, एक काम हातावेगळं होतं. मनाला बरं वाटतं, हे खरंच. पण रात्रभराचा घाम आणि ऊब त्याखाली कोंडून राहते.

धुळीतल्या डस्ट माइट्सना नेमकं तेच हवं असतं. जेमतेम पाव मिलिमीटरचे हे जीव पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषून घेतात आणि आपल्या त्वचेच्या कोंड्यावर पोसतात. चावत नाहीत, त्रास होतो तो त्यांच्या विष्ठेमुळे. शिंका, नाक वाहणं, काहींना दमा. अंथरूण उघडं राहिलं तर ओल उडून ते सुकून मरू शकतात, असं इंग्लंडमधल्या किंग्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये मांडलं. अर्थात, खोलीतली हवाच दमट असेल तर उघडं ठेवूनही फारसं साधत नाही.

ॲलर्जी नसेल तर हवं तेव्हा आवरा. असेल तर पांघरूण पायथ्याशी दुमडा, खिडकी उघडा आणि तासाभराने आवरा. तेवढ्यावर मात्र विसंबू नका: चादरी-अभ्रे आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुतले, तर माइट्स मरतात आणि विष्ठाही निघून जाते.