कार्नेगी घेऊ की स्माइल्स?

बडोद्याच्या दांडिया बाजारातली भाची दोन पुस्तकं घेऊन आली. "मामा, इंग्रजी शब्द वाढवायला यातलं कुठलं?" तिचं दिवसभर गुजराती, घरी मराठी, इंग्रजी लागतं ते इंटरव्ह्यूत.

डेल कार्नेगीचं 'हाउ टु विन फ्रेंड्स अँड इन्फ्लुएन्स पीपल' १९३६चं. वाक्यं आटोपशीर, आणि तोच शब्द पुन्हा पुन्हा भेटतो, त्यामुळे डिक्शनरी फारशी उघडावी लागत नाही. 'ॲप्रिसिएशन' आणि 'फ्लॅटरी' यांतला फरक तो असा समजावतो की मनापासून केलेलं कौतुक आणि खुशामत कायमची वेगळी होतात. हे शब्द दुसऱ्या दिवशी ऑफिसात वापरता येतात. किस्से मात्र जरा जास्तच झालेत.

सॅम्युअल स्माइल्सचं 'सेल्फ-हेल्प' १८५९चं. तिथे 'इंडस्ट्री' म्हणजे कारखाना नव्हे, कष्टाळूपणा. भाची अडखळली. म्हटलं, आपला 'उद्योग' आठव: उद्योगी माणूस आणि उद्योगनगरी, शब्द एकच! लगेच पटलं. भट्टी विझू नये म्हणून घरातलं फर्निचर जाळणारा कुंभार पॅलिसी यातच भेटतो. तो भाग वाचल्यावर 'पर्सिव्हिअरन्स', म्हणजे चिकाटी, पाठ करावा लागत नाही. पण वाक्यं मारुतीच्या शेपटीसारखी, आणि काही शब्द आज बोललात तर समोरचा बघतच राहील.

इंटरव्ह्यू महिन्यावर आहे, म्हणून तिला कार्नेगी दिलं, रोज चार पानं. स्माइल्स मी ठेवून घेतलं. पॅलिसीच्या पानावर तिची पेन्सिलची रेघ आहे.