लिनक्स सर्व्हर उठेनासा (बूट होईनासा) झाला तर: सिस्टमरेस्क्यू की रिअर?

सिस्टमरेस्क्यू ही आर्च लिनक्सवर बेतलेली तयार आयएसओ, म्हणजे बूट होणाऱ्या डिस्कची प्रतिमा-फाइल. पेनड्राइव्हवर उतरवली की ६४-बिट इंटेल-एएमडीचा जवळपास कुठलाही सर्व्हर तिच्यावरून उठतो. एफएससीके (फाइलसिस्टम तपासणं-दुरुस्त करणं), टेस्टडिस्क (हरवलेली पार्टिशन शोधणं), डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरचा डेटा उतरवून घेणं) ही साधनं सोबतच येतात. ग्रब (सिस्टम सुरू करणारा बूटलोडर) बिघडला किंवा एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) चूक झाली, तर सर्व्हरची डिस्क माउंट करा (जोडा), सीएचरूटनं त्याच्याच सिस्टममध्ये शिरा, दुरुस्ती करा. एवढ्यासाठी हीच बरी.

रिअर (रिलॅक्स अँड रिकव्हर) चालू सर्व्हरवरूनच बूट मीडिया बनवतो: त्याचाच कर्नल (सिस्टमचा गाभा), त्याचेच ड्रायव्हर, शिवाय एलव्हीएम (डिस्कची जागा लवचिकपणे वाटणारी व्यवस्था) आणि रेडची (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची) मांडणी टिपलेली. डिस्कच गेली तर नव्या डिस्कवर तीच मांडणी पुन्हा उभी राहते; सिस्टमरेस्क्यूत हे सगळं हातानं करावं लागतं. मात्र 'रिअर एमकेरेस्क्यू' या मीडिया बनवणाऱ्या कमांडमध्ये डेटा येत नाही, बॅकअप वेगळा हवा. पार्टिशन बदलली की मीडियाही नव्यानं बनवायचा. आणि किरकोळ दुरुस्तीसाठी 'रिअर रिकव्हर' ही कमांड चालवू नका, ती डिस्क पुसून नव्यानं मांडते.